आखाड्यावरच्या बॅटरीत जास्त ताकदीचा एलईडी कसा बसवावा

आमच्या परभणीकडं रानातल्या वस्तीला आखाडा म्हणतात, आणि टॉर्चला टॉर्च म्हणणारं माणूस विरळाच. सगळे बॅटरीच म्हणतात. म्हणून या लेखातही बॅटरी म्हणजे हातात धरायची बॅटरी, आणि तिच्या पोटातल्या नळकांड्याला मी सेल म्हणतो. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीचीच मिळते. कालव्याची पाळी आली तर तीही दिवस-रात्र बघत नाही. अकरा-बाराला मोटार चालू करून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघालं की एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात बॅटरी. पुढच्या पावलाखाली ढेकूळ आहे की घोणस, हे त्या उजेडावरच कळतं.

आठवडी बाजारातून आणलेली बॅटरी पहिले काही दिवस झगझगते आणि पोळ्याला घेतलेली संक्रांतीपर्यंत मिणमिणायला लागते. पुष्कळांना वाटतं सेल गेला. सेल बदलला तरी उजेड येत नाही, कारण एलईडी आतून भाजलेला असतो. घरच्या आणि भावकीतल्या मिळून बऱ्याच बॅटऱ्या मी उघडल्या, आणि जवळपास प्रत्येकीत एकच दोष दिसला: एलईडीची उष्णता बाहेर पडायला वाटच ठेवलेली नव्हती.

हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं काम याच्यावरच उभं आहे. जुना तारेचा बल्ब आपली उष्णता उजेडाबरोबर समोर फेकायचा. एलईडी तसं करत नाही. त्याला दिलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णता होतो आणि ती उष्णता त्याच्या पाठीतून निघते. पाठीला धातू चिकटून असेल आणि तो धातू बॅटरीच्या अंगाला भिडलेला असेल, तर ती तुमच्या तळहातापर्यंत येते आणि हवेत जाते. मध्ये केसाएवढी फट राहिली तरी ती तिथंच कोंडते. त्यामुळं ताकदीचा एलईडी आणून नुसता जागेवर बसवणं म्हणजे तो लवकर जाळणं. काम खरं तर उष्णतेची वाट बांधायचं आहे.

कोणती बॅटरी घ्यावी

प्लास्टिकची, घरच्या बोर्डाला लावून चार्ज करायची बॅटरी या कामाला घेऊ नका. तिचं अंगच उष्णता घेत नाही. जाड ॲल्युमिनियमची, एका १८६५० सेलवर चालणारी आणि पुढं धातूचा रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड समोर फेकणारा चकचकीत भाग, असलेली घ्या. १८६५० म्हणजे १८ मिलीमीटर जाडी आणि ६५ मिलीमीटर लांबी. हातात घेऊन डोकं बघा: ते भरीव आणि जड लागलं पाहिजे, बाहेरून खाचा असतील तर अजून चांगलं. पुढं-मागं सरकणाऱ्या भिंगाच्या झूमवाल्या बॅटऱ्या मी टाळतो. त्यांचं डोकं सरकतं, म्हणजे उष्णतेची वाट सैल असते, आणि त्या फटीतून पाणीही आत जातं.

घरात वडिलांच्या वेळची पितळी, मोठ्या सेलची बॅटरी पडलेली असेल तर ती फेकू नका. पितळ उष्णता बरी वाहून नेतं आणि डोकं मोठं असल्यानं झोत लांब जातो. तिच्या पोटात १८६५० सेल सैल बसतो. त्याला पीव्हीसी पाइपाचा तुकडा अस्तर म्हणून घाला. २५ मिलीमीटरचा पाइप सेलभोवती आणि गरज पडली तर त्याच्यावर ३२ चा, असं घालून बघितलं की मेळ बसतो. लांबीत राहिलेली जागा पितळी बोल्ट किंवा धातूची नळी घालून भरायची. बाकीची कृती दोन्ही बॅटऱ्यांना जवळपास सारखीच आहे.

एलईडी, ड्रायव्हर आणि सेल

एलईडी म्हणून मी क्री कंपनीचा एक्सएम-एल२ वापरतो. त्याचं अंग ५ मिलीमीटर चौरस आहे, जास्तीत जास्त ३ अँपिअर सोसतो आणि चुका पोटात घालतो. सुट्टा एलईडी घेऊ नका, गोल पट्टीवर आधीच डकवलेला घ्या. त्या पट्टीला स्टार म्हणतात आणि ती १६ किंवा २० मिलीमीटरची येते. जुनी काढून मोजा आणि त्याच मापाची मागवा. पट्टी तांब्याची मिळाली तर ॲल्युमिनियमच्यापेक्षा तीच घ्या. एक्सएचपी-५०.२ सारखे मोठे एलईडी बघून भुरळ पडते, पण ते ६ किंवा १२ व्होल्टवर चालतात. एका सेलवर आणि खाली सांगितलेल्या ड्रायव्हरवर ते पेटणार नाहीत.

उजेडाच्या रंगाकडं फार थोडे लोक लक्ष देतात, आणि रानात खरी गरज त्याचीच आहे. ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) निळसर पांढरा उजेड डोळ्यांना जास्त वाटतो, पण त्यात माती, पाचट आणि वाळलं गवत सगळं राखेसारखं एकजात दिसतं. घोणशीच्या अंगावरचे तपकिरी ठिपके त्यातच मिसळून जातात. ४००० ते ५००० केल्विनचा घ्या. थोडे लुमेन (उजेडाचं माप) कमी मिळतील, पण तपकिरी रंग तपकिरी दिसेल. या एका बाबतीत मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

ड्रायव्हर म्हणजे एलईडीला किती करंट द्यायचा ते ठरवणारी छोटी गोल पाटी, बहुतेक वेळा १७ मिलीमीटरची. तिच्यावर एएमसी ७१३५ नावाच्या चिपा असतात. एक चिप ३५० मिलीअँपिअर सोडते. चार चिपा म्हणजे १.४ अँपिअर, आठ चिपा म्हणजे २.८. सगळ्यांना आठच पाहिजे असतात. पण हिशोब बघा. २.८ अँपिअरला एलईडी नऊ वॅटच्या आसपास खातो आणि २६०० मिलीअँपिअर-तासाचा सेल तासाभराच्या आत रिकामा होतो. १.४ अँपिअरला तोच सेल पावणेदोन तासांच्या पुढं जातो. उजेडही करंटच्या पटीत वाढत नाही. चांगल्या प्रतीचा एक्सएम-एल२ ७०० मिलीअँपिअरला ३०० लुमेनच्या आसपास देतो. ३ अँपिअर केले तर करंट चौपटीच्या वर जातो, पण उजेड साडेतीन पटीपर्यंतच. आणि आपल्या डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला तो खरोखर चौपटीच्या आसपास व्हावा लागतो. म्हणून मुठीत मावणाऱ्या बॅटरीला चार चिपा, पितळी किंवा जाड डोक्याच्या बॅटरीला आठ. ड्रायव्हर घेताना तीन टप्प्यांचा घ्या, म्हणजे कमी, मध्यम आणि जास्त. लुकलुकणारा टप्पा नसलेला बघा. अर्ध्या रात्री पाण्यात उभं असताना बटण दाबलं आणि लुकलुक सुरू झाली तर पायाखालचं काहीच दिसत नाही.

सेलवर ९८०० मिलीअँपिअर-तास छापलं असेल तर तो खोटा. या मापाचे नेहमी मिळणारे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. घरात वजनकाटा असेल तर तोलून बघा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटा बऱ्याचदा त्याहून खूपच हलका निघतो. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले सेल चालतात, पण मल्टिमीटर लावून बघा. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करायच्या फंदात पडू नका. वरचं वेष्टन फाटलेला सेलही वापरू नका. संरक्षण पाटी असलेला सेल मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या, तो दोन-चार मिलीमीटर लांब असतो एवढं लक्षात ठेवा.

उघडणं

हत्यारं घरातलीच: ४० वॅटची सोल्डरिंग गन, शिसं असलेलं ६०/४० सोल्डर, थोडा फ्लक्स, नोज पकड, कानस, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, १० अँपिअरची रेंज असलेला मल्टिमीटर, थर्मल पेस्ट आणि कॅप्टन टेप. कॅप्टन टेप म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळी, उष्णता सोसणारी पट्टी.

पहिल्यांदा सेल बाहेर काढा. डोकं फिरवून वेगळं केलं की आत पितळी किंवा ॲल्युमिनियमची एक वाटी आट्यांवर बसवलेली दिसते. तिच्या एका तोंडाला ड्रायव्हर, दुसऱ्या तोंडावर एलईडी. वाटीच्या कडेला समोरासमोर दोन खाचा असतात. कंपासपेटीतल्या कर्कटकाची दोन टोकं त्या खाचांत धरून डावीकडं फिरवलं की वाटी सुटते. गोंद लावलेला असेल तर काच आणि रबर काढून घ्या आणि डोकं पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा. जुना ड्रायव्हर तर जाणारच आहे, भिजला तरी हरकत नाही.

वाटी भरणं

इथं घाई करू नका. माझा निम्मा वेळ याच कामात जातो.

स्वस्त बॅटरीची वाटी आतून पोकळ असते. एलईडीची पट्टी तिच्या काठावर, भाकरी तव्याच्या फक्त कडेवर टेकावी तशी टेकलेली असते, आणि एलईडी नेमका मधोमध, खाली नुसती हवा. ही पोकळी धातूनं भरायची. भंगारात जुन्या स्टार्टरमधली तांब्याची पट्टी किंवा ३ मिलीमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी मिळते. तिच्यावर वाटीच्या आतल्या मापाचं वर्तुळ आखा, करवतीनं आठ कोनी कापा आणि कानशीनं गोल करत आणा. वाटीत बोटानं ढकलल्यावर ती अडकत-अडकत बसली पाहिजे. खुळखुळली तर ती चकती वाया गेली, दुसरी करा. तारांसाठी दोन भोकं पाडा आणि भोकांच्या कडा घासून बोथट करा, नाहीतर त्या तारेचं कातडं सोलतात.

आता चकतीचा वरचा पृष्ठभाग सपाट करायचा. खिडकीच्या काचेचा तुकडा घ्या, त्याच्यावर पॉलिश पेपर पालथा न घालता उताणा ठेवा आणि चकती इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घासा, आधी ४०० वर, मग ८०० वर. मध्येच पेननं चकतीवर रेघा मारा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की पृष्ठभाग सपाट झाला. मधल्या रेघा राहिल्या तर तिथं अजून खड्डा आहे. एलईडीच्या पट्टीची पाठही अशीच दोन-चार हात मारून घ्या.

थर्मल पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी पुरते. ती दोन धातूंमधले बारीक खळगे भरण्यापुरतीच आहे. जाड थर दिला तर तोच अडथळा होतो. वाटीच्या कडेला आणि डोक्याच्या आट्यांनाही पेस्टचा पुसटसा हात फिरवा, कारण उष्णतेला तिथूनही पार व्हायचं आहे.

सोल्डर

तारा पट्टी चकतीवर ठेवायच्या आधी जोडा. पट्टी एकदा धातूवर बसली की ती गनची सगळी उष्णता पिऊन टाकते आणि सोल्डर वितळतच नाही. पट्टीवर अधिक आणि उणे खूण छापलेली असते. अधिकला लाल तार, उणेला काळी, आणि दोन्ही आखूड. सोल्डरचे ढिगारे करू नका, चपटे ठेवा. का ते पुढं येईल.

ड्रायव्हरच्या मधल्या स्प्रिंगमधून सेलचं अधिक टोक येतं आणि त्याच्या काठाचं गोल कडं बॅटरीच्या अंगाला, म्हणजे उणेला भिडतं. वाटी पितळी असेल तर हे कडं दोन-तीन ठिकाणी वाटीला सोल्डर करा. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर चिकटत नाही. तिथं ड्रायव्हर दाबूनच बसवावा लागतो. सैल होत असेल तर कडेभोवती तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून दाबा.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट. पोलादी स्प्रिंग जास्त करंटला अडवते आणि स्वतः तापते. स्प्रिंगच्या बुडापासून टोकापर्यंत मऊ, बारीक पदरांची तांब्याची तार आतून सोल्डर करून टाका, स्प्रिंग दाबली तरी ती वाकेल अशी. शेपटाकडच्या, म्हणजे मागच्या झाकणातल्या स्प्रिंगलाही तसंच. दहा मिनिटांचं काम आहे, पण फरक मल्टिमीटरवर दिसतो.

रिफ्लेक्टर बसवताना

माझी पहिली बॅटरी इथंच फसली. सोल्डरचे उंच ढिगारे राहिले होते, धातूचा रिफ्लेक्टर घट्ट आवळला आणि त्याचं बूड लाल तारेच्या सोल्डरला टेकलं. या प्रकारच्या ड्रायव्हरमध्ये लाल तार थेट सेलच्या अधिकला जोडलेली असते आणि रिफ्लेक्टर अंगाला म्हणजे उणेला. सरळ शॉर्ट. दोन सेकंदांत करपल्याचा वास आला आणि शेपूट हातात धरवेना. फडक्यानं धरून ते उघडलं आणि सेल अंगणात मातीत टाकला, म्हणून निभावलं. लिथियमचा सेल बंद धातूच्या नळीत फुटला तर ती नळी हातातच फुटते.

म्हणून पट्टीवर कॅप्टन टेपचा गोल कापून चिकटवा, मधे फक्त एलईडीपुरतं चौकोनी भोक ठेवा. वर प्लास्टिकची मध्य साधणारी चकती बसवा. डोकं आवळल्यावर, सेल घालायच्या आधी, मल्टिमीटर बीपवर ठेवून रिफ्लेक्टर आणि पट्टीवरचं अधिक टोक तपासा. रिफ्लेक्टर बसल्यावर ते टोक झाकलं जात असेल तर ड्रायव्हरच्या मधल्या स्प्रिंगला टोक लावून तपासा. बीप वाजली तर सेल घालायचा नाही.

झोत साधायला तीन-चार मीटरवर भिंत हवी. मधोमध काळपट भोक दिसलं तर एलईडी रिफ्लेक्टरच्या तोंडाच्या खाली किंवा वर आहे. पातळ वॉशर घालून किंवा चकती थोडी घासून तो वर-खाली करा. नवा एलईडी जुन्यापेक्षा मोठा असेल तर मधला ठिपका रुंद होईल, हे धरूनच चाला. पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, सोडला की जवळच पण रुंद पडते. तसंच इथं: छोट्या एलईडीचा झोत लांब, मोठ्याचा रुंद. दारं धरायला रुंद उजेड बरा. रानडुकरांच्या जागलीला लांबचा हवा असेल तर मोठ्या, गुळगुळीत रिफ्लेक्टरची बॅटरी निवडा. झोत दुप्पट लांब न्यायला मधल्या ठिपक्याची तीव्रता चौपट लागते, ती नुसत्या करंटनं मिळत नाही.

तपासताना एलईडीकडं सरळ बघू नका, पोरांना बघू देऊ नका. उजेड भिंतीवर किंवा पांढऱ्या कागदावर बघायचा.

करंट आणि उष्णता मोजणं

शेपूट काढा. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. काळं टोक सेलच्या उणे बुडाला आणि लाल टोक नळीच्या उघड्या, रंग नसलेल्या काठाला लावा. बॅटरी पेटेल. चार चिपांच्या ड्रायव्हरला जास्तच्या टप्प्यावर १.२ ते १.४ अँपिअर दिसले तर काम बरोबर. मीटरच्या तारा थोडा करंट खातातच. ०.७ च्या आसपास अडकला तर सेल थकलेला आहे, आटे मळलेले आहेत किंवा ड्रायव्हरचं कडं नीट टेकत नाही. आटे रॉकेलच्या फडक्यानं पुसून पुन्हा बघा.

मग दहा मिनिटं हातात धरून चालू ठेवा. माझ्या चुलत्यांना नवी केलेली बॅटरी दिली तेव्हा दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाबा, उजेड लई पडला, पण ही तर तापतीय की. बिघडली का काय?" मी म्हटलं, "काका, तापतीय तेच चांगलं. आधीची गार राहायची आन् आतला एलईडी भाजायचा." ही खूण पक्की धरा. दोन-तीन मिनिटांत डोकं कोमट होऊन उष्णता मुठीपर्यंत आली तर वाट मोकळी आहे. डोकं गार राहून उजेड मात्र मंद होत गेला तर पेस्ट, चकती किंवा आटे यांत कुठंतरी फट आहे. पुन्हा उघडा. उलट, दहा मिनिटांनी धरवत नसेल तर त्या अंगाला करंट जास्त झाला. चार चिपांवर या, किंवा मध्यम टप्पा वापरा. जानेवारीच्या थंडीत घेतलेली परीक्षा मे महिन्यात लागू पडत नाही. ४२-४३ अंशांच्या दिवसानंतरची हवा रात्रीही लवकर निवत नाही, त्यामुळं उन्हाळ्यात जास्तीच्या टप्प्यावर सलग पाच मिनिटांच्या पुढं ठेवू नका.

चार्जिंग

मोबाइलच्या चार्जरच्या तारा तोडून थेट सेलला लावणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका. टीपी ४०५६ ची छोटी चार्जिंगची पाटी वापरा किंवा १८६५० चा तयार चार्जर घ्या. दोन्ही ४.२ व्होल्टला थांबतात. चार्जिंग फरशीवर किंवा पत्र्यावर करायचं. कडब्याच्या गंजीजवळ, गोधडीवर किंवा आखाड्याच्या तापलेल्या पत्र्याखाली भर दुपारी नाही. ४५ अंशांच्या वर तापलेला सेल चार्जिंगला लावायचा नसतो. रानातून आल्यावर तो निवू द्या, मगच लावा. आणि जागलीला निघताना दुसरा भरलेला सेल प्लास्टिकच्या डबीत घालून न्या. नुसता खिशात टाकला तर किल्ल्यांना किंवा चिल्लरीला लागून शॉर्ट होतो.